वाशीमच्या दवाखान्यातली गाठींची दोरी

तिचं नाव मीच केसपेपरवर लिहायचो, तरी आज आठवत नाही. आठवते ती तिची दोरी.

स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली होती. मी वाशीमच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. ती रिठदहून बैलगाडीनं नातवाला घेऊन यायची. पोर वाळलेलं, सारखं ओकणारं, पण परक्या माणसाकडे पाहूनही तोंडभर हसणारं. आम्ही माशाचं तेल दिलं. पोर अंग धरेना, तसा नवी बाटली देताना मी तिच्यावरच डाफरलो, "पाजता की सांडता? आता दोन चमचे द्या."

पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरांच्या टेबलावर दोरी पसरली. लिहिता येत नव्हतं, म्हणून एका दिवसाला आडव्या बोटाएवढी दोरी, आणि पोर ओकलं की गाठ. मधे वीतभर दोरी कोरी होती.

"इथं बाटली फुटली," तिनं बोट ठेवलं. "इथून गाठ नाई. मंग या भाऊनं नवी बाटली देली, दोन चमचे सांगतले. आता पाहा."

पुढे गाठीला गाठ भिडली होती.

डॉक्टरांनी तेल बंद केलं आणि तिला पुढचे दिवस नव्या दोरीवर धरायला सांगितले. काही लेकरांना जन्मतःच त्यातलं ड जीवनसत्त्व सोसत नाही, रक्तात कॅल्शियम वाढतं, हे मी फार पुढे वाचलं. तिनं ते आधीच दोरीवर मांडलं होतं.

दिवाळीनंतर ती आली ती गुटगुटीत पोर कडेवर मिरवत. मी विचारलं, "दोरी कुठाय?"

तिनं झबलं वर केलं. पोराच्या कमरेला करदोडा होता.

"हेच थे दुसरी दोरी. गाठ एकच मारली," ती म्हणाली, "बांधायपुरती."