माझ्या वाट्याचा विषय

लेकीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, ही कल्पना नवऱ्याची. त्याच्या कंपनीने इथला गाशा गुंडाळला, तेव्हापासून तो घरी होता आणि घरी असणं त्याला भलतंच मानवलं होतं. सहा वर्षांची लेक बालवाडीतून तोंड पाडून यायची, पण बाबाबरोबर आमच्या पुंगोल भागातल्या पाण्याकाठी चक्कर मारली की हिची टकळी सुरू. मला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणूनच तर जळत होते.

मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत हिशेब तपासते. सकाळी मी एमआरटीच्या मेट्रोत कुणाच्या तरी बॅकपॅकला नाक लावून उभी असते, तेव्हा ही दोघं पांघरुणात असतात. संध्याकाळी दार उघडावं, तर खिडकीत मोड आलेले मूग, फरशीवर खडूने काढलेला समुद्र, त्यात माझीच चप्पल जहाज म्हणून सोडलेली, आणि वर, "आई, तू मिस केलंस!"

तरी मी होकार दिला. नकाराला कारण द्यावं लागलं असतं, आणि 'मला तुम्हा दोघांचा हेवा वाटतो' हे चाळिशी उलटलेल्या बाईने म्हणायचं तरी कसं?

ओळखीतल्या एम्प्लॉयमेंट पासवाल्यांना, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर राहणाऱ्यांना, या बाबतीत कुणी काही विचारत नाही. त्यांचाही मला हेवा वाटला. आम्ही हौसेने इथलं नागरिकत्व घेतलेलं, आणि नागरिकाचं मूल शाळेत गेलंच पाहिजे, असा इथला कायदा. घरी शिकवायचं असेल, तर पहिलीच्या नावनोंदणीच्या वेळीच शिक्षण मंत्रालयाला तसं कळवायचं आणि रीतसर सूट मागायची. कोण शिकवणार, त्याचं स्वतःचं शिक्षण किती, कुठला विषय कसा शिकवणार, सगळं लिहून द्यायचं. पुढे दरवर्षी प्रगती कळवायची आणि सहावीला बाकीच्या मुलांबरोबर मोठ्या परीक्षेला बसवायचं.

आराखडा करायला मी बसले, कारण एक्सेल माझं.

"इंग्रजी कोण?" मी विचारलं.

"मी," नवरा म्हणाला.

"गणित?"

"मीच."

"अरे, अकाउंटंट मी आहे!"

"म्हणूनच. तिला आधी बेरजेची गोडी लागू दे."

विज्ञान अर्थातच मूगवाल्याचं. राहिली मातृभाषा. तिथे मी कुणाला विचारलंच नाही. 'मराठी' लिहिलं आणि पुढे माझं नाव ठोकलं. नवरा इंदूरचा. 'मी येऊन राहिलो' म्हणणाऱ्या माणसाशी या विषयात माझी स्पर्धाच नव्हती.

मंत्रालयातून भेटीला बोलावणं आलं. समोरच्या बाई अगदी गोड होत्या. आराखडा वाचत त्या मातृभाषेपाशी थांबल्या.

"मराठी घरी जरूर शिकवा," त्या हसून म्हणाल्या, "पण सहावीच्या परीक्षेत मराठी नाही. तमिळ आहे, हिंदी आहे, गुजराती, बंगाली आहे..."

हे मला ठाऊक नव्हतं का? इथली मराठी मुलं शाळेत हिंदी घेतात, हे मी इतकी वर्षं पाहत आलेय. पण मातृभाषा या शब्दापुढे दुसरं काही लिहायचं असतं, हे हाताला सुचलंच नाही. आणि खरं सांगायचं तर, तेवढा एकच विषय माझा होता.

"मग हिंदी घेऊ," नवरा म्हणाला.

"कोण शिकवेल?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

नवरा छताकडे बघू लागला. बाहेर पडल्यावर त्याला कंठ फुटला.

"तू? हिंदी?"

"का? मला येते."

"तुला भांडायची हिंदी येते."

"तीही भाषाच आहे."

"आणि समोरचा घाबरत नाही गं, हसतो."

सुधारित आराखडा पाठवायच्या आधी मी हट्टाने शिकवून पाहिलं. पुण्यात ज्या हिंदीवर माझं आयुष्य निघालं, ती पुस्तकातल्या हिंदीला ओळखच दाखवेना. लेक माझ्याकडे बघायची, "आई, शुअर?" म्हणायची आणि पुस्तक घेऊन थेट स्वयंपाकघरात. तिथून बाबाची स्वच्छ, गुळगुळीत हिंदी ऐकू यायची आणि पाठोपाठ दोघांचं हसू. त्याने मला एक टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

पण परीक्षा पोरीची होती, माझी नव्हे. हिंदीपुढचं माझं नाव मी स्वतःच खोडलं आणि त्याचं घातलं. आता आराखड्यात मी फक्त पगार आणणारी पालक.

सूट मिळाली. दोघं दिवाणखान्यात नाचली. मीही नाचले, जरा उशिरा.

मराठी मात्र सोडली नाही. जेवण झालं की लेक माझी, आणि त्या वेळात बोलायचं ते मराठीतच, असं मी जाहीर केलं.

"टेस्ट आहे?" लेकीने विचारलं.

"नाही."

"देन कॅन लाह." म्हणजे, मग चालेल.

येऊन मांडीवर बसते. मी म्हणते, सांग काहीतरी मराठीत. आणि ती सांगते. आज बाबाने गोगलगाय दाखवली. बाबा पाण्यात पडता पडता वाचला. बाबा म्हणतो, समुद्राचं पाणी वर जाऊन ढग होतं. तिला मराठीत सांगायला विषय एकच आहे. मी तिचे शब्द सुधारते, अडली की पुरवते, म्हणजे तिच्या बाबाची स्तुती व्याकरणशुद्ध व्हावी म्हणून राबते.

काल स्वयंपाकघरातून, भांडी घासता घासता त्याने विचारलं, "काय गं, इतकं काय सांगतेय ती?"

"काही नाही," मी म्हटलं, "आमचा अभ्यास चाललाय."

लेकीला हळूच म्हटलं, "हं, मग? गोगलगायीला बाबा काय म्हणाला?"