देवघरातला ग्रिफिन

मुलांनो, तुमच्या काकाआजोबांइतका संशयी माणूस साऱ्या माळव्यात सापडणार नाही. तुकोगंजात आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात, पण बेल वाजली की आधी खिडकीतून पाहुण्याच्या चपला पाहतात आणि मग आपण घरी आहोत की नाही ते ठरवतात. एका डॉक्टरांचं औषध दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतात. लग्नपत्रिका आली तर "यांना आपला पत्ता कोणी दिला?" एवढंच विचारतात. असा माणूस जमवतो काय, तर विलायती चांदीची नाणी, तीही राजचिन्हांतल्या प्राण्यांची, जे कधी जन्मालाच आले नाहीत. एकशिंगी घोडा, ड्रॅगन आणि सर्वांत लाडका ग्रिफिन: तोंड गरुडाचं, धड सिंहाचं. प्रत्येक नाणं पारदर्शक डबीत. ते स्वतःलाही त्याला हात लावू देत नाहीत. मी एकदा म्हटलं, "भावजी, हे जनावर कोणी पाहिलंय तरी का?"

"म्हणूनच भरोसा आहे, वहिनी. देखे हुए सब धोका देतात."

चोर देवाला भितो, म्हणून त्यांनी ग्रिफिन देवघरात अन्नपूर्णेच्या मागे लपवला. बायकोलाही सांगितलं नाही. नवरात्रात माझ्या जाऊबाईंना तो सापडला. सिंहाचं धड दिसलं, म्हणजे देवीचं वाहन. त्यांनी डबीतून काढून चिंचेनं घासलं, हळदकुंकू वाहिलं आणि तुमची आई माहेराहून परत निघाली तेव्हा नारळाबरोबर तिच्या ओटीत घातलं.

मग घरभर संशय. माझ्याकडचा चहासुद्धा बंद.

"घरातून काहीतरी गेलंय," ते म्हणायचे.

"अहो, पण काय?" जाऊबाई विचारायच्या.

"ज्यानं नेलं त्याला ठाऊक आहे."

एका रविवारी आम्ही सगळे फोनसमोर बसलो होतो आणि मिहू, तू ते नाणं दाखवलंस. "आईच्या ओटीतला पक्षी!" जाऊबाई हळूच म्हणाल्या, "मीच दिलं. देवीचं समजले हो." भावजींनी नाण्याकडे पाहिलं, मग बायकोच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे.

"डुप्लिकेट है," ते म्हणाले. "अस्सल माझ्याजवळ आहे. ठेव तुला."

रिकामी डबी अजून अन्नपूर्णेमागेच आहे. दर रविवारी ते खाली येतात आणि तुला नाणं कॅमेऱ्याजवळ धरायला लावतात, "मला शंका आहे" म्हणून. तेव्हा ते नाण्याकडे पाहत नाहीत, हे मी शेजारी बसून पाहते. मिहू, नाणं अस्सल आहे. कुंकू पुसू नकोस. पण त्यांनी विचारलं तर डुप्लिकेटच म्हण, आणि जरा वेळ धरून ठेव.