पाटीवाल्या भाऊजींनी छापलेलं पान

माझे भाऊजी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे, नाहीतर पुसून पुन्हा काढायचं, हा त्यांचा एकच नियम. त्यापायी त्यांनी किती गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवलं ते देवालाच ठाऊक. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत. पुढच्या खोलीत जिथे रंगाचे डबे असायचे तिथे एक म्हातारा संगणक आणि एक काळा-पांढरा प्रिंटर आहे. संगणकाला नवीन काही पेलवेना, म्हणून भाऊजींनी स्वतः वाचून, लोकांना विचारून त्यावर लिनक्स नावाची हलकी प्रणाली चढवली. "नवा घ्या ना," असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवी बायकोच करायला सांगत होतो.

बायको म्हणजे माझी ताई. शिवणकामाने डोळे गेले असं ती म्हणते, डॉक्टर वयाला दोष देतात. पडद्यावरचं तिला वाचवत नाही, उजेड टोचतो. कागदावर मोठं आणि ठळक असेल तर अजून जमतं. हे 'अजून' किती दिवसांचं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तिची लेक लांब, डोंगरातल्या एका रोपवाटिकेत काम करते आणि दर आठवड्याला तिथल्या रोपांबद्दल वेबवर एक पान लिहिते. फोनवर ती कायम घाईत, पानावर मात्र निवांत. डोळे आहेत तोवर ते पान आपलं आपण वाचावं, एवढीच ताईची इच्छा होती.

पण छापून यायचं ते भलतंच. उजवीकडचे शब्द कापलेले, मजकूर मुंगीएवढा, आणि इतका फिका की अनुस्वार शोधावे लागत. ताई भिंग घेऊन खिडकीशी बसायची, दोन ओळींत थकायची आणि कागद बाजूला ठेवायची.

"राहू द्या. तुम्हीच वाचा."

मग भाऊजी पडद्यावरून वाचून दाखवायचे. वाचन कसलं, स्टेशनवरची सूचना बरी. फक्त शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज जरा खाली यायचा. "आईची फार आठवण येते." पान मुळांवर असो, किडीवर असो, नाहीतर शेणखतावर, शेवट हाच. मला वाटायचं, चला, पोरगी बापासारखी रुक्ष निघाली नाही. ताई ऐकून मान हलवायची आणि कामाला लागायची.

भाऊजी मात्र हट्टाला पेटले होते. आधी त्यांनी प्रिंटरवर आळ घेतला. कार्ट्रिज काढून हलवलं, आतली धूळ पुसली, फरक शून्य. मग संगणकावर छापण्याच्या खिडकीत त्यांना 'पार्श्वभूमी छापा' असं काहीतरी दिसलं आणि चेहरा उजळला.

"इथं घोळ होता बघ," ते मला म्हणाले. "अस्तर मारल्याशिवाय अक्षर उठून दिसेल कसं?"

पाटीला आधी रंगाचं अस्तर लागतं, म्हणजे कागदालाही लागणारच. लेकीच्या पानाला पार्श्वभूमी होती गर्द हिरवी. प्रिंटरने घरघरत एकामागून एक काळेकुट्ट कागद बाहेर टाकले आणि शाई संपल्याचा दिवा लावला. ताईने एक कागद डोळ्यांजवळ धरला.

"अहो, हिने या वेळी अंधारावर लिहिलंय का?"

मी इतका हसलो की भाऊजी माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

पण त्याच काळ्या कागदाने त्यांना वाट दाखवली. लेकीने हिरव्यावर उठून दिसावीत म्हणून अक्षरं फिकी ठेवली होती. पांढऱ्या कागदावर ती फिकीच यायची. भाऊजींनी ताईचं भिंग लावून जुना कागद पाहिला, तर अक्षर सलग नव्हतंच, नुसते ठिपके होते. "हे रंगवलेलं नाही, शिंतोडे उडवलेत," असं म्हणून ते ब्राउझरच्या मागे लागले. पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला कागदाचं बारीकसं चित्र होतं. ते दाबल्यावर पानाची सगळी सजावट गेली आणि पांढऱ्यावर काळा, स्वच्छ मजकूर उरला. नवं कार्ट्रिज आणून त्यांनी अक्षर मोठं केलं, ओळी सुट्या केल्या, साधा जाड फाँट निवडला, मजकूर कागदाच्या रुंदीत बसवला. शेवटी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'शाई वाचवा' सापडलं. ते कधीकाळी काटकसरीच्या भरात त्यांनीच लावलं होतं. कुणाला न सांगता काढून टाकलं. मला दिसलं, पण मीही गप्प बसलो.

प्रत्येक कागद ते चिमट्याने दाराच्या पडद्याला लावायचे आणि समोरच्या भिंतीला पाठ टेकून बघायचे. अक्षर तिथून वाचता येईना, की पुन्हा संगणकाशी.

एका दुपारी त्यांनी कागद दाराला न लावता सरळ ताईच्या हातात दिला. ताईने भिंग उचललं आणि परत खाली ठेवलं. मग ती वाचू लागली, मोठ्याने, सावकाश. पिशवीत वाढलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरतात, लावण्याआधी ती हाताने मोकळी करावी लागतात, असं काहीसं होतं. ती कुठेही अडली नाही. मला फार बरं वाटलं.

शेवटाला आल्यावर तिने कागद उलटून पाहिला.

"अहो, शेवटची ओळ कापली गेली वाटतं."

भाऊजी ट्रेमधले कोरे कागद सारखे करू लागले. "काही कापलेलं नाही. पान तिथंच संपतं."

"मागची पानं?"

"तीही."

मी भाऊजींकडे बघत राहिलो. ताई ज्या दिवशी स्वतः वाचेल त्या दिवशी आपण पकडले जाणार, हे या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी कागद जमेपर्यंत त्यांनी दम घेतला नव्हता. मी त्यांची एवढी थट्टा केली, त्याची मला लाज वाटली.

ताईने कागदाची नीट घडी घातली. रागावली असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर तसं काही दिसेना.

"बरं," ती म्हणाली. "इथपर्यंत मी वाचत जाईन. पुढचं तुम्हीच वाचा."

पुढच्या आठवड्याचं पान आलं तेव्हा मी मुद्दाम गेलो. ताईने कलमांबद्दलचं सगळं वाचलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. भाऊजींनी चष्मा चढवला, मजकुराखालच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून वाचलं, "आईची फार आठवण येते." मग चष्मा काढून म्हणाले, "बाबांनाही लेकीची येते."