अजिंठा, पार्किंगपर्यंत

लोणार म्हटलं की लोकांना तळं आठवतं. मला काठावरचा रसवंतीवाला आठवतो, तो उसात आलं जरा जास्तच घालतो. वेरूळ म्हटलं की मला एक भिंत आठवते. तिच्या कडेला दुपारी दोनपर्यंत सावली असते, दोननंतर गाडी हलवावी लागते. शेगावच्या पार्किंगमध्ये मला डोळ्याला पट्टी बांधून सोडलं तरी मी गाडी बरोबर जागेवर लावीन. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, हे मी शेकडो लोकांना सांगितलं आहे. कुठे संडास स्वच्छ आहेत, कुठे चहा पाणचट मिळतो, कुठल्या फाटकावर म्हातारी माणसं उतरवली तर त्यांना कमी चालावं लागतं, सगळं तोंडपाठ. फक्त यातलं एकही ठिकाण मी पाहिलेलं नव्हतं.

मी किन्हीराजा गावचा. बी.ए. झालो, वाशीमला कचेऱ्यांसमोर टेबल टाकून दोन वर्षं लोकांचे अर्ज लिहिले, मग एक जुनी नऊ सीटची गाडी घेतली आणि भाड्यानं चालवायला लागलो. या धंद्यात एक रीत आहे. पार्टी आत जाते, ड्रायव्हर गाडीजवळ थांबतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. बॅगा राखायच्या, डबे उन्हात तापू द्यायचे नाहीत, पहाटे चारला उठून गाडी हाकलेली असते म्हणून तासभर डुलकी काढायची. शिवाय खरं सांगायचं तर त्यात माझा ताठाही होता. कुणी “चल” म्हटलं नाही, तर मी कशाला जाऊ? आणि कुणी म्हणायचं नाही. म्हणून मी अजिंठ्याला एकोणीस वेळा गेलो आणि एकोणीस वेळा फर्दापूरच्या फाट्यावर थांबलो. खासगी गाड्या तिथंच थांबतात, पुढे लेण्यांपर्यंत सरकारी बस जाते. माझी पार्टी त्या बसमध्ये चढायची आणि मी एका कडुलिंबाखाली सीट मागे टाकायचो.

पहिल्याच फेरीहून घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. आमचं घर बौद्ध, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि आईनं विहारात कुणाकडून तरी ऐकलेलं की अजिंठ्याला महापरिनिर्वाणाची फार मोठी मूर्ती आहे. तिनं मला हातपायही धुऊ दिले नाहीत.

“निजलेले बुद्ध पाह्यले काय रे तुनं?”

तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की “मी झाडाखाली झोपलो होतो” हे मला म्हणवेना. लाज वाटली. मी म्हटलं, पाहिले. मग तिनं विचारलं, कसे आहेत, आणि मी पार्टीच्या गप्पांतून कानावर पडलेलं थोडं आणि मनाचं बरंचसं मिळवून सांगत सुटलो. मोठा हॉल आहे, दारात उभं राहिलं की समोर डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसतात. अंगावर सोनेरी रंग आहे, थोडा उडालाय. डोळे अर्धवट उघडे आहेत, आणि हसल्यासारखे दिसतात. वर पुरावा म्हणून फाट्यावरच्या दुकानातून घेतलेली एक चमकणारी गारगोटी तिच्या हातात ठेवली. ती तिनं तसबिरीपुढे ठेवून दिली. गारगोटी पार्किंगची होती हे मी सांगितलं नाही.

एक थाप मारली की तिला जेवू घालावं लागतं. विहारात आई सगळ्यांना सांगायची, माझ्या पोरानं पाहिलेत. बायका मला विचारायच्या, मी सांगायचो, आणि दरवेळी मूर्ती हातभर वाढायची. आईला घेऊन जायचा विषय मी दोन-तीनदा काढला, अर्धवट मनानंच. ती प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायची.

“मायं काय अडलं हाये? तुनं पाह्यलं म्हंजे म्या पाह्यलं.”

ती हे आनंदानं म्हणायची. मला मात्र ऐकताना आत काहीतरी टोचायचं. तिनं स्वतःचं जाणं माझ्या भरवशावर सोडून दिलं होतं, आणि माझ्याकडे तर काहीच नव्हतं. पण दरम्यान तिचे गुडघे दुखायला लागले, विषय मागे पडला आणि मला बरंच वाटलं.

मग एका बुद्धपौर्णिमेला सगळं उघडं पडायची वेळ आली. गल्लीत औरंगाबादकडची एक नवी सून आली होती. विहारात खीर वाटून झाल्यावर निजलेल्या बुद्धांचा विषय निघाला, आई नेहमीप्रमाणे सांगू लागली, आणि ती सून सहज बोलून गेली की आजी, डोळे मिटलेले आहेत, आणि रंग नाही, नुसता दगड आहे. आईचा चेहरा बदलला. तिनं त्या पोरीला सगळ्यांसमोर झाडलं. काल आलेली पोरगी, तुला काय कळतं, माझा पोरगा दरसाल जातो, तो काय खोटं बोलतो काय? पोरगी बिचारी गप्प बसली. मोठ्या बाईला उलट बोलायचं नाही म्हणून गप्प बसली, हे मला दिसत होतं. मी तिथंच सतरंज्या झटकत होतो. मी मूग गिळून सतरंज्या झटकत राहिलो. इतका नीच मी त्याआधी आणि नंतर कधी वागलेलो नाही.

त्या रात्री नव्हे, तिथल्या तिथंच, सतरंजीची घडी घालता घालता मी ठरवलं. आता पुढची फेरी आत. कुणी बोलावो न बोलावो. आत जायचं, पाहायचं, आणि जे असेल ते आईला येऊन सांगायचं.

ठरवणं सोपं होतं. मी गिऱ्हाइकांना आधीच सांगायला लागलो की अजिंठ्याला मीही लेणी बघणार, तेवढा वेळ गाडी कुलपात राहील. वाशीमच्या एका पार्टीनं तोंडावर हसून दुसरी गाडी केली. आमच्याकडच्या मालेगावच्या एकानं विचारलं, तू गाईड आहे की ड्रायव्हर? मी म्हटलं, ड्रायव्हर आहे, पण आंधळा नाही. तेही भाडं गेलं. घरात बायको म्हणाली, एवढं काय अडून बसायचं, एक दिवस एकटेच जाऊन या. तिचं बरोबर होतं. पण मला ते चोरून जाणं नको होतं. एकोणीस वेळा ज्या जागेवरून मागे फिरलो तिथूनच, पार्टीच्या देखत, पुढे जायचं होतं. हट्टाला पेटलो होतो म्हणा ना.

दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आल्यावर, रिठदच्या एका बागायतदाराच्या घरचं बोलावणं आलं. माझी अट त्यांनी फोनवर ऐकली आणि “बघू तिथं” म्हणून टाकली. मेहकर, चिखली, बुलढाणा करत साडेदहाला फर्दापूर फाट्यावर पोचलो. सगळे उतरले. मीही उतरलो, काचा वर केल्या, कुलूप लावलं आणि त्यांच्या मागे बसच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. घरच्या मोठ्या मुलानं मागे वळून पाहिलं आणि विचारलं की बॅगा कोण पाहील.

“कुलूप हाये, भाऊ. मी सांगतलं होतं फोनवर. या बारीनं मी आत जाऊन राह्यलो.”

आवाज माझा थोडा चढलाच असेल, कारण रांगेतल्या चार लोकांनी वळून पाहिलं. तो काही बोलणार एवढ्यात त्याची म्हातारी आई, जिला मी पहाटे हात देऊन गाडीत चढवलं होतं, रांगेतून बाहेर आली. तिचेही गुडघे गेलेले. पायऱ्या आपल्याच्यानं होणार नाहीत हे तिनं बहुधा आधीच ओळखलं होतं, घरच्यांचा हिरमोड नको म्हणून बोलली नव्हती.

“मले काई चढणं होत नाई. मी बसून राह्यते गाडीजोळ. जाऊ द्या त्याले.”

तिनं माझ्याकडे हात पुढे केला. मी किल्ली दिली. कडुलिंबाखाली, माझ्या जागेवर, दार उघडं टाकून ती बसली. रिठदच्या बागायतदाराच्या घरची म्हातारी माझी गाडी राखत बसली होती, हे मी पुढे घरी तीनदा तरी सांगितलं आहे.

निजलेले बुद्ध शेवटाकडच्या सव्विसाव्या लेण्यात आहेत. मी मधलं सगळं सोडून तडक तिकडे गेलो. दारातून समोर जे दिसतात ते बुद्ध बसलेले आहेत. मी गोंधळलो. तिथल्या रखवालदारानं डावीकडे बोट केलं. खांबांच्या मागे एक अरुंद वाट आहे, आणि त्या वाटेला लागून, भिंतीत, ते आहेत. दारातून दिसत नाहीत. वाटेत उभं राहिलं तर मागे सरकायला जागा नाही, म्हणून पूर्ण एका नजरेत मावत नाहीत. उशीपाशी सुरुवात करायची आणि चालत पायांपर्यंत जायचं. सोनेरी काही नाही, दगड आहे. डोळे मिटलेले. आणि खाली, पलंगाच्या कडेला, माणसं बसलेली आहेत, दुःखानं खचलेली. त्यांच्याबद्दल मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मी डोक्याकडून पायांकडे गेलो, परत आलो, परत गेलो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बघून भारावलो म्हणून थोडं, आणि किती वर्षं इथून दोन कोसांवर रुसून झोपलो होतो म्हणून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारात सुपात ज्वारी पाखडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्या थापेपासून गारगोटीपर्यंत. तिनं सूप थांबवलं नाही. माझं सांगून संपलं तरी ती पाखडत राहिली, आणि मी तिथं गुन्हेगारासारखा बसून राहिलो. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

“मंग म्या बी नाई पाह्यले,” ती म्हणाली.

एवढंच. उठली, पदर नीट केला आणि गल्लीत गेली. मला वाटलं रागानं गेली. नंतर कळलं की ती त्या सुनेच्या घरी गेली होती आणि तिच्या सासूदेखत म्हणाली होती की पोरी, तुझंच खरं होतं, मी बोलले ते चुकलं. तिथून परत आली ती थेट माझ्यापुढे उभी राहिली.

“कवा नेतं मले?”

मी गुडघ्यांची आठवण करून दिली. गुडघे माझे आहेत, मी बघीन, म्हणाली. मी म्हटलं, तिथं डोली मिळते, चार माणसं खुर्चीवर बसवून खांद्यावरून नेतात. त्यावर ती जी भडकली! चार खांद्यांवर माणूस एकदाच जातो आणि तिची अजून वेळ आलेली नाही, हे मला ऐकून घ्यावं लागलं.

मंगळवारी निघालो, आम्ही दोघंच. गाडीत सात सीट रिकाम्या होत्या आणि तिला ते फार आवडलं. पायऱ्या चढता चढता दुपार झाली. दर आठ-दहा पायऱ्यांना बसायची, कठडा धरून उठायची, कुणी हात दिला तर झिडकारायची. पोरंठोरं आम्हाला मागे टाकून गेली आणि पाहून परतही आली. मला एकदा वाटलं, पुरे, परत फिरू. मी तसं म्हणायच्या आत तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. सव्विसाव्या लेण्यापाशी पोचलो तेव्हा तिनं आधी पदरानं तोंड पुसलं.

मी डावीकडे बोट केलं. ती त्या अरुंद वाटेत शिरली. उशीपाशी हात जोडून उभी राहिली, मग हात पाठीमागे बांधून, चुकून स्पर्श होऊ नये म्हणून जपत, हळूहळू पायांकडे गेली. पायांशी ती फार वेळ थांबली. खाली बसलेल्या त्या माणसांपैकी एकेकाला वाकून वाकून पाहिलं. मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे या वेळी होतं, पण गरज नव्हती.

उतरून बसनं फाट्यावर आलो तेव्हा ऊन कललं होतं. मी गाडीचं दार उघडलं, पण ती चढेना.

“तू कुठी बसत होता, थे दाखव.”

मी कडुलिंब दाखवला. ती तिथं गेली आणि मुळाशी, मातीवर, पाय लांब करून बसली. मी चहा आणला. चहा पाणचटच होता. ती घोट घेत समोर पाहत राहिली. समोर गाड्या होत्या, दुकानं होती, गारगोट्या विकणारा ओरडत होता. लेणी त्या जागेवरून दिसत नाहीत, मधे डोंगर आहे.

“अथून तं काईच दिसत नाई रे.”

“नाई दिसत,” मी म्हटलं.

तिनं चहा संपवला, कप माझ्या हातात दिला, आणि दुसऱ्या हातानं माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं उठायला आधार हवा आहे, पण ती उठली नाही.

“तुनं जे पाह्यलं, थे आज म्या पाह्यलं,” आई म्हणाली.