पाणी येतं का?

"साहेब, तुमची मुलगी फारशी बोलत नाही, ते एक बरं आहे," दलाल ओटीवर बसून वडिलांना सांगत होता. "घर तिलाच दाखवू द्या."

मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी होते. पुढे जावं की परत फिरावं, ते कळेना. कप बशीत वाजू नयेत म्हणून मी ते अंगठ्यांनी दाबून धरले आणि चहा निवेपर्यंत तशीच उभी राहिले.

आमचं घर बदलापुरात, हेंद्रेपाड्याकडून नदीवर जाणाऱ्या वाटेवर होतं. वडिलांनी ते लढाईच्या दिवसांत बांधलं होतं. पुढे ओटी, मग दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, वर कौलांखाली माळा आणि परसात विहीर. मी मात्र त्या घरात सलग अशी राहिलेच नव्हते. शाळेसाठी मी मुंबईला मावशीकडे होते आणि शाळा नन्सची, इंग्रजी. सुट्टीत यायची तेव्हा आळीतल्या बायका मला गर्विष्ठ समजायच्या. खरं म्हणजे मी मनात मराठी वाक्य जुळवेपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असायचं. त्या उन्हाळ्यात मॅट्रिकची परीक्षा देऊन मी कायमची परत आले, कारण मावसभावाचं लग्न झालं होतं आणि मावशीच्या दोन खोल्यांत आता माझ्या गादीला जागा नव्हती.

कॉलेजात जायचं तर बदलापूरहून रोज एकटीने ये-जा करणं वडिलांना पसंत नव्हतं. त्यांनी ठाण्याला दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. तिथून मलाही मुंबई जवळ पडली असती आणि त्यांनाही अंबरनाथच्या कारखान्यात जाता आलं असतं. पण त्या खोल्यांना पागडी द्यायची होती आणि ती घर विकल्याशिवाय उभी राहणार नव्हती. ठाण्याचे घरमालक मे अखेरपर्यंत थांबायला तयार होते, पुढे नाही. कॉलेजचा फॉर्म मी भरून गादीखाली ठेवला होता. दिवसातून दोनतीनदा तरी मी तो काढून बघायची, त्यात काही बदललं असेल असं वाटून.

दलाल कल्याणचा होता. उन्हाळ्यातही अंगात कोट आणि हातात छत्री. त्याने वडिलांना घर विकण्याची शिकवणीच दिली. घर दहाच्या आत दाखवायचं, तेव्हा मागच्या खोल्या थंड असतात. त्या दिवशी घरात सुकट भाजायची नाही. विहिरीवर दोन हंडे भरून ठेवायचे. पार्टी स्टेशनच्या रस्त्याने आणायची, नदीच्या वाटेने नाही. आणि विचारलं तेवढंच सांगायचं. खोटं बोलायचं नाही, खोटं अंगाशी येतं, असंही त्याने बजावलं. वडिलांना हे शेवटचं पटलं. ते सरळ माणूस होते. खोटं त्यांना जमलं नसतं. गप्प राहणं जमण्यासारखं होतं.

आईची मात्र दलालाने धास्ती घेतली होती. आई भाजीवाल्यालाही घरातली सगळी हकीकत सांगायची. तेव्हा पार्टी यायच्या वेळी वहिनींनी देवळात जाऊन यावं, असं त्याने सुचवलं. आईला ते कळलं तेव्हा ती हसली.

"म्हणजे मला घराबाहेर काढून घर विकताय होय?"

पण ती गेली. प्रत्येक वेळी गेली.

न सांगण्याची गोष्ट एकच होती. नऊ पावसाळ्यांत नदी दोनदा घरात आली होती. पहिल्यांदा घोट्यापर्यंत, ते कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा मागच्या श्रावणात, भर दुपारी, कमरेपर्यंत. वडील कारखान्यात अडकले होते. आई देव आणि पिठाचा डबा घेऊन एकटी माळ्यावर चढली आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच बसून राहिली. मी तेव्हा वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकत होते. चार दिवसांनी मला आईचं कार्ड आलं: "तुझी पुस्तके फुगली, बाकी सर्व ठीक." मी ते पाणी पाहिलं नाही. मी पाहिली ती त्याची रेघ.

भिंतींवरची रेघ वडिलांनी गवंड्याकडून खरवडून काढली होती. नवा गिलावा, त्यावर नीळ जास्त घातलेला चुना. घर एखाद्या आजाऱ्याला नवे कपडे घातल्यासारखं दिसत होतं. पण मागच्या खोलीत भिंतीतलं एक कपाट होतं. त्याच्या आत कोण बघणार म्हणून गवंड्याने हात लावला नव्हता. दार उघडलं की दुसऱ्या फळीच्या जरा वर ती रेघ दिसायची. पट्टी धरून ओढावी तशी सरळ, तपकिरी. खालचं लाकूड काळपट, वरचं पिवळं. माझी पुस्तकं खालच्या फळीवर असायची.

वैशाखात माणसं घर बघायला येऊ लागली. मी सकाळी अंघोळ करून तयार बसायची, पण बसवत नसे. ओटीपासून मागच्या दारापर्यंत किती पावलं होतात ते मी रोज मोजायची आणि रोज वेगळं यायचं. टांग्याचा आवाज आला की मोजणं तिथेच सुटायचं.

कल्याणच्या कोर्टातले एक कारकून आले. त्यांनी सातबारा मागितला, घरपट्टीच्या जुन्या पावत्या पाहिल्या, जमीन वडिलोपार्जित की विकत घेतलेली, आत्यांच्या सह्या लागतील का, हे सगळं विचारलं. वडील रात्री म्हणाले की माणूस हुशार आहे. अंबरनाथच्या कारखान्यातले एक ऑफिसर बायकोला घेऊन आले. त्या बाईंनी स्वयंपाकघर वितीने मोजलं आणि चुलीचा धूर कुठून जातो ते विचारलं. तिसऱ्या एका गृहस्थांनी बोटाच्या पेराने सगळ्या भिंती वाजवल्या. आणि प्रत्येकाने न चुकता विचारलं, पाणी येतं का?

मी परसातल्या विहिरीकडे हात करायची. भर वैशाखातही तिच्यात पुरुषभर पाणी होतं.

"येतं," मी म्हणायची.

तेवढा एकच शब्द. तो खोटा नव्हता. विचारणाऱ्याच्या मनात विहीर होती, माझ्या मनात कपाटाचं दार. आज मला कोणी विचारलं, घर घेताना काय पाहावं, तर मी सांगते की कागद पाहाच, पण भिंतीतली कपाटंही उघडा. खालच्या फळीला हात लावा. शक्यतो श्रावणात एकदा जाऊन या. आणि पाण्याचं दोनदा विचारा, प्यायचं वेगळं, पावसाचं वेगळं. त्या हुशार माणसांपैकी एकानेही कपाट उघडलं नाही. मी त्याला पाठ लावून उभी असायची आणि मी लाजते आहे असं त्यांना वाटायचं.

घर त्यांनी घेतलं नाहीच. कोणाला स्टेशन लांब वाटलं, कोणाला वीज नाही म्हणून नको झालं. मे अर्धा सरला. ठाण्याच्या घरमालकांचं पत्र आलं. वडील जेवताना बोलेनासे झाले.

मग दलालाने उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातली सिंधी पार्टी आणली. कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ आणि त्यांची आई. म्हातारी बारीक, पांढऱ्या कपड्यांतली. गुडघे इतके धरलेले की ओटीच्या तीन पायऱ्या चढताना तिने मुलाचा खांदा पकडला होता. इतरांनी पाहिलं त्यातलं तिने काहीच पाहिलं नाही. आत आल्यावर तिने मान वर केली आणि भिंत छपराला टेकते का ते पाहिलं. मग दुसऱ्या खोलीत जाऊन तिथेही तेच. मी गोंधळले. मुलगा हसून हिंदीत म्हणाला की बराकीत मधल्या भिंती डोक्याइतक्याच असतात, "उस तरफ की खाँसी भी अपनी लगती है।" म्हातारी प्रत्येक भिंतीवर तळहात ठेवून पुढे जात होती, एखाद्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

परसात आल्यावर तिने मला विचारलं, "पाणी अचे थो?"

तिचा 'ण' ऐकून मी चमकले. हिंदी बोलणारे पानी म्हणतात. हा 'ण' आमच्यासारखाच होता. मुलाने समजावलं की कॅम्पात नळावर रांग लागते, म्हणून कुठेही घर बघताना पाणी येतं का, ते ती विचारतेच. मी विहिरीकडे हात केला.

"येतं."

"येतं," ती माझ्या मागून म्हणाली. तिला शब्दाची गंमत वाटली असावी. "येतं, येतं." मग तिने स्वतः पोहरा ओढला आणि ओंजळीने पाणी पिऊन ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात दिवसभर मला डोक्यावर जाणवत राहिला. केस कधीच वाळले होते.

घर त्यांना पसंत पडलं. रविवारी विसार द्यायचा ठरला. पावसाळ्याच्या आत ते राहायला येणार होते. वडील त्या संध्याकाळी पहिल्यांदा मोकळे बोलले, कॉलेज सुरू व्हायच्या आधी मला दोन नव्या साड्या लागतील असंही म्हणाले. मी हो म्हटलं. झोपताना मी फॉर्म काढून पाहिला नाही. तरी झोप लागली नाहीच.

रविवारी सकाळी आई देवळात जायला निघाली. पूजेचं ताट हातात घेऊन ती दारात थांबली.

"या पावसाळ्यात मी इथे राहायची नाही, एवढंच मला कळतं," ती म्हणाली. दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वळली. "त्या म्हातारीला माळ्यावर चढता येईल का गं?"

उत्तराला ती थांबली नाही. मी आत गेले, पाण्याचा तांब्या भरला, परत ओतला, पुन्हा भरला. माळ्याची शिडी भिंतीला लावलेली होती. तिच्या पायऱ्या मी मोजल्या. अकरा.

ते आले. वडील, दलाल आणि मुलगा ओटीवर बसले. दलालाने स्टँपचा कागद मांडीवर उघडला. म्हातारी आत आली, काखेत ठिगळांच्या रजईत गुंडाळलेलं गाठोडं. खाणाखुणा आणि थोडं हिंदी, असं करत तिने मला सांगितलं की ती मागच्या खोलीत निजणार. खाटेवर नाही, खाली. खाटेवर तिला झोप लागत नाही. रजई आणि पोथी कुठे ठेवायची, तेही तिने ठरवलं होतं. तिने माझ्या पाठीमागच्या कपाटाकडे बोट केलं आणि हाताने दाखवलं, खालच्या फळीवर, कारण वर हात पोचत नाही.

मी हलले नाही. तिने मला मायेने बाजूला हो अशी खूण केली. ओटीवरून दलालाचा आवाज येत होता. पाण्याचं तर त्यांनी स्वतःच बघितलंय, असं तो कोणाला तरी सांगत होता. वडील पेनचं टोपण काढत होते. ते टोपण कडक होतं, काढताना 'टक्' वाजायचं. मी त्या आवाजाची वाट बघत होते. एकदा तो वाजला की माझ्याकडे काही उरणार नव्हतं, ना सांगायचं, ना लपवायचं.

म्हातारीला वाटलं, पोरगी लाजाळू आहे, हिला बोलतं करावं. तिने मान तिरकी केली आणि तिला येत असलेली मराठी, माझ्याचकडून शिकलेली, थट्टेने मला परत म्हणून दाखवली.

"पाणी येतं?"

मी बाजूला झाले. कपाटाचं दार ओढलं. ते फुगलेलं होतं, नेहमी अडकायचं. दोन्ही हातांनी ओढावं लागलं. मी रेघेवर बोट ठेवलं आणि माझा आवाज ओटीपर्यंत जाईल एवढा मोठा निघाला, तो माझा मलाच ओळखू आला नाही.

"येतं, अमां. विहिरीचं नाही, नदीचं. श्रावणात. इथपर्यंत."