वादळावर पालथा टोप

सुकेळीचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांचा, मधाळ वास आला की मला बोळिंजमधल्या आमच्या सोसायटीची गच्ची आठवते आणि दात आपोआप आवळले जातात. कॉलेजातली नोकरी सांभाळून पंचेचाळिसाव्या वर्षी मी अवकाश हवामानात पीएच.डी. करायला निघालो होतो. सूर्यावर स्फोट झाला की उपग्रहांचे संदेश डळमळतात आणि मोबाइलमधला नकाशा चुकू लागतो. ते मोजायला मी गच्चीवर भूछत्रासारखा पांढरा अँटेना बसवला आणि तब्बल दोन वर्षं मोठ्या सौर वादळाची वाट पाहिली. अखेर ते आलं! कॉलेजातून जवळजवळ नाचतच घरी पोहोचलो, संगणक उघडला, तर सकाळपासूनच्या नोंदी कोऱ्या. धापा टाकत गच्चीवर गेलो. अँटेनावर स्टीलचा भलामोठा टोप पालथा, टोपावर वीट, आणि शेजारी सुकेळी राखत बसलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकू. "कावळे मेले यावरच येऊन बसतात रे," त्या शाबासकीच्या अपेक्षेनं म्हणाल्या. "तूच म्हणालेलास ना, जपा म्हणून? एक शीट पडू दिली नाय!" "काकू, काढा तो आधी!" मी किंचाळलो. "थांब रे, तापलाय तो. ऊन उतरू दे." तेवढं मोठं वादळ त्यानंतर आलेलं नाही. प्रबंध त्या एका कोऱ्या दिवसापाशी अडकलाय, आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेले माझे मार्गदर्शक अजूनही दर सोमवारी फोन करून विचारतात, "काय सर, सूर्य काय म्हणतोय?"