बाबांनी पास न केलेला कपडा

मंडळी, आज दुपारी माझं एक डिझाइन फायनल झालं आणि तेव्हापासून मी तोंड पाडून बसलोय.

इंदूरच्या बंद पडलेल्या मिलांवर गाणी करणाऱ्या एका बँडच्या सीडीचं ते कव्हर. मिलचा शेवट दाखवायला मी फाटका कपडा निवडला. मांजरपाट आणला, ब्लेडनं फाडला, चहाच्या पाण्यानं डाग पाडले आणि फोटो काढला. बँडवाल्याचा लगेच मेसेज आला, "गजब भिया! प्रेस में भेज दो." पाठवलं.

मग मोठ्या हौसेनं बाबांना प्रिंट दाखवली. त्यातल्याच एका मिलला कुलूप लागेपर्यंत बाबा तिथे कपडा तपासायचे. त्यांनी प्रिंट खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"हा आमचा नाही," ते म्हणाले. "असा माल मी एक दिन पण पास नाही केला."

"बाबा, प्रतीक आहे ते. सगळं संपलं ना, म्हणून."

"संपलं रे. पण कपडा आखरी दिवशीसुद्धा चांगलाच निघाला होता. फिर भी गेट बंद झालं."

एवढं बोलून त्यांनी टीव्ही लावला.

मी बँडवाल्याला फोन केला, अखंड कपडा घेऊ म्हटलं. तो म्हणाला, "उसमें दर्द कहाँ दिखेगा भिया?"

मी फोन ठेवला. कव्हरच्या मागच्या बाजूलाही तोच फोटो आहे, आणि त्यावर, विशेष आभारांत, मीच बाबांचं नाव टाकलंय. आता त्या फाटक्या कपड्यावर ते छापलं जाईल.

नाव तरी काढायला सांगू का?